फॉरमॅट मारायच्या आधी हे एकदा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गाळ्यावर परत एक कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, म्हणजे त्यातलं पुसून विंडोज नव्यानं टाकलं, माझ्या माहितीतला ह्या वर्षातला चौथा, आणि कारण काय तर क्रोम उघडलं की भलतंच पान यायचं आणि उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरात सारखं काहीतरी उगवायचं. एवढ्यापायी त्यांच्या दोन वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशोब, गेल्या. म्हणून हे पत्र लिहितेय, लांब होणार आहे, पण कापू नका ही विनंती, अर्धवट छापलं तर ते कुणाच्याच उपयोगाचं नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात ११ वर्षं कॉम्प्युटरवर बसते. शेतकऱ्याची पट्टी, तोलाई, हमाली, खरेदीदारांची बिलं, जीएसटी सगळं माझ्याकडं. शिक्षण म्हणाल तर बी.कॉम. आणि एमएससीआयटी, कॉम्प्युटर इंजिनियर वगैरे मी नाही. पण हे जे प्रकरण आहे त्यात मी स्वतः पोळलेय आणि नंतर ते निस्तरायला शिकलेय, त्यामुळं जे सांगते ते हातानं केलेलं सांगते.

झालं असं, ऐन सीझनमध्ये बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये आलं आणि मालकांना ते एक्सेलमध्ये पाहिजे होतं, तेही संध्याकाळच्या आत. मी गुगलवर पीडीएफ टू एक्सेल फ्री असं टाकलं, सगळ्यात वरची लिंक दाबली, ती जाहिरात होती हे मला तेव्हा कळलंच नाही, सॉफ्टवेअर उतरवलं आणि नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. मधल्या एका पानावर दोन चौकोनात आधीच टिक मारलेली होती, तिकडं माझं लक्षच गेलं नाही. स्टेटमेंट निघालं, काम झालं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रोम उघडलं तर गुगल गायब, त्याच्या जागी कुठलं तरी पांढरं सर्चचं पान, खाली हवामान आणि खरेदीच्या जाहिराती. सर्च केलं की आधी त्या पानावरून जायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि दर पाच मिनिटाला कोपऱ्यात खिडकी उगवायची की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडलेत, इथं दाबा. कधी रमीची जाहिरात, कधी काय, यार्डात चार माणसं समोर बसलेली असताना नको ते फोटो पण. मला अक्षरशः रडू यायचं.

रिपेअरिंगवाल्याला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ताई व्हायरस लई पसरलाय, फॉरमॅट मारावा लागंल. सहाशे रुपये. मी विचारलं माझा डेटा, तर म्हणाला डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी करू नका. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप डी ला होता तो राहिला. पण पट्ट्यांच्या एक्सेल फाइली मी डेस्कटॉपवर ठेवायचे, समोर दिसतात म्हणून, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो हे मला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर पण तिथंच असतात. माझ्याकडं २०१९ च्या पुरातले गावभागातल्या आमच्या घराचे फोटो होते, सासूबाई माळ्यावर बसलेल्या, खाली पाणी. मोबाईल बदलताना ते मी ह्या कॉम्प्युटरवर घेतले होते आणि दुसरीकडं कुठंच नव्हते. सासूबाई आता नाहीत. ते फोटो गेले.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. फॉरमॅट झाला, विंडोज नवीन, सगळं चकाचक, मी क्रोम टाकलं, माझ्या जीमेलनं साइन इन केलं, आणि दुपारच्या चहापर्यंत तेच पांढरं पान परत हजर! मला वाटलं भूतच आहे का काय. रिपेअरिंगवाला पण चक्रावला, म्हणाला हार्डडिस्कच बदलू. आता मला माहिती आहे ते कशामुळं झालं. क्रोममध्ये सिंक म्हणून सोय असते, आपण साइन इन करून ती चालू ठेवली की आपले बुकमार्क, सेटिंग आणि एक्सटेन्शन्स, म्हणजे क्रोमला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, गुगलच्या खात्यात साठतात आणि नवीन कॉम्प्युटरवर आपोआप उतरतात. त्या पीडीएफच्या सॉफ्टवेअरनं क्रोममध्ये एक एक्सटेन्शन घुसवलं होतं, ते पण सिंक झालं होतं. मी साइन इन केलं आणि मीच त्याला हाताला धरून परत घरात आणलं. म्हणजे फॉरमॅटचा काडीचा उपयोग झाला नाही, फोटो मात्र कायमचे गेले.

ह्याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात, ब्राउझर म्हणजे क्रोमसारखं नेट बघायचं सॉफ्टवेअर आणि त्याचा ताबा घेणारा तो हायजॅकर. नाव मोठं आहे पण बहुतेक वेळा हा फाइली खाणारा व्हायरस नसतो. तो तुमचं होमपेज, सर्च इंजिन आणि नवीन टॅबचं पान बदलतो आणि तुमचं प्रत्येक सर्च स्वतःच्या पानावरून वळवून नेतो, कारण तुम्ही तिथून जाहिरातीवर गेलात की त्याला पैसे मिळतात. एवढंच त्याचं पोट. पण हे एवढंच म्हणून सोडून द्यायचं पण नाही, तुम्ही काय शोधता ते सगळं त्याला दिसतं आणि तो नेईल तिथं तुम्ही जाता. आमच्याकडं माल घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलानं असल्याच कॉम्प्युटरवर सातबारा शोधला, वरती आलेल्या भलत्याच साइटवर दीडशे रुपये भरले आणि हातात आला नुसता साधा उतारा. सरकारच्या महाभूमीच्या साइटवर साधा सातबारा फुकट बघता येतो आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का एवढं बघायचं, पण हायजॅकर बसला की ती साइट वरती येतच नाही.

हे आजचं पण नाही. २०१७ मध्ये फायरबॉल नावाचा हायजॅकर उघडकीला आला, बीजिंगच्या एका मार्केटिंग कंपनीचा, फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून यायचा. चेक पॉइंट ह्या सुरक्षा कंपनीनं तेव्हा सांगितलं की जगात २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये तो गेलाय आणि त्यात सगळ्यात जास्त, अडीच कोटीच्या वर, भारतात. मायक्रोसॉफ्टनं नंतर हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं, तो वाद त्यांचा त्यांनी घालावा, पण आपल्याकडं नेक्स्ट नेक्स्ट करणारे किती आहेत हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

आता काढायचं कसं ते सांगते. माझ्या पुतण्याकडून शिकले, तो पुण्यात कंपनीत आहे, त्यानं फोनवर दोन तास बसून करून घेतलं, आता मला अर्धा तास लागतो.

आधी विंडोजमध्ये जायचं, क्रोममध्ये नाही. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडायचं आणि वरती इन्स्टॉल्ड ऑन लिहिलंय त्यावर क्लिक करायचं, म्हणजे तारखेनुसार यादी लागते. ज्या दिवसापासून त्रास सुरू झाला त्या तारखेला काय काय आलंय बघा. माझ्याकडं पीडीएफच्या सॉफ्टवेअरबरोबर त्याच तारखेला आणखी तीन नावं होती जी मी जन्मात ऐकली नव्हती. ती काढायची. काढताना ते विचारतं खरंच जाताय का, राहू द्या का, बटणं उलटी रंगवलेली असतात, नीट वाचून दाबा.

मग क्रोम. सिंक आधी बंद करा, नाहीतर माझ्यासारखं होईल. उजवीकडं वरती तीन ठिपके, एक्सटेन्शन्स, मॅनेज एक्सटेन्शन्स, आणि जे तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नाही ते रिमूव्ह. कधी कधी रिमूव्हचं बटणच नसतं आणि तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते बरोबर असू शकतं, काही अँटिव्हायरसमुळं पण दिसतं, पण घरच्या कॉम्प्युटरला कुठली आलीय संस्था? हायजॅकर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या आतल्या वहीत, पॉलिसी म्हणजे नियम लिहून ठेवतो म्हणून ते येतं. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका, त्याला पुढं सांगते तो क्लीनर चालवा, बऱ्याचदा निघतं, नाही निघालं तर जाणत्या माणसाला दाखवा.

त्यानंतर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. हे कुणीच बघत नाही आणि सगळा खेळ इथं आहे. कोपऱ्यात उगवणाऱ्या त्या खिडक्या बहुतेक वेळा व्हायरस नसतातच, आपणच कुठल्या तरी साइटला अलाउ म्हणून परवानगी दिलेली असते. तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा, व्हिडिओ बघायला अलाउ दाबा, असं लिहिलेलं असतं आणि आपण दाबतो. मी उघडलं तेव्हा माझ्या यादीत १७ साइट होत्या, त्यातल्या १५ ची नावं म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. एकेक काढल्या आणि त्या क्षणापासून कोपरा गप्प. मी पाच मिनिटं नुसती त्या कोपऱ्याकडं बघत बसले होते, खरंच सांगते.

होमपेज आणि सर्च इंजिन सेटिंगमध्ये परत गुगल करून घ्यायचं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, टार्गेट लिहिलंय तिथं ओळ डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्हावर संपली पाहिजे, त्याच्यापुढं कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसून टाका, नाहीतर बाकी सगळं साफ करूनसुद्धा क्रोम उघडताना तेच पान येत राहतं आणि माणूस वैतागून फॉरमॅटला देतो. एवढं करून शंका राहिली तर सेटिंग्जमध्ये रिसेट सेटिंग्ज आहे, त्यानं बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, एक्सटेन्शन्स बंद पडतात आणि साइटवर परत लॉगिन करावं लागतं. फायरफॉक्समध्ये ह्यालाच रिफ्रेश म्हणतात, एजमध्ये पण रिसेट आहे.

शेवटी अ‍ॅडव्‌क्लीनर, असली घाण शोधून काढणारा तो क्लीनर. मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, फाइल उघडली की चालतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, त्याच नावाची बनावट पण फिरतात. आणि विंडोजमध्ये जो डिफेंडर आधीपासून असतो त्यात स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो आणि पंधरा-वीस मिनिटं तपासतो. चालू काम आधी सेव्ह करा. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र पण २०१७ पासून आहे, त्यांच्या साइटवर सफाईची टूल्स फुकट मिळतात, आमच्या यार्डात मी किमान वीस जणांना विचारलं असेल, एकालाही माहीत नव्हतं. आणि घरातल्या सगळ्याच मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, एकाच वायफायला असताना भलती पानं उघडत असतील तर दोष वायफायच्या राउटरमध्ये असू शकतो, तो रिसेट करून त्याचा पासवर्ड बदलावा लागतो.

एक प्रकार वेगळा आहे आणि तो जास्त भयंकर आहे. आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीतून रिटायर झालेले, मुलगा बाहेरगावी. एका दुपारी त्यांच्या घरातून सायरनचा आवाज यायला लागला, मला वाटलं कुकरचं काही झालं. पळत गेले तर कॉम्प्युटरवर पूर्ण स्क्रीनभर निळं पान, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, कॉम्प्युटर बंद करू नका असं लिहिलेलं आणि खाली फोन नंबर, आणि काकांनी तो फोन लावलेला होता. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता, त्यानं काकांना एक रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं होतं आणि स्क्रीनवर बाण आपला आपण फिरत होता. त्यानं एक यादी उघडून दाखवली, त्यात लाल आणि पिवळ्या खुणा, म्हणाला हे बघा हे सगळे व्हायरस आहेत. काकांचे हात थरथरत होते. ती यादी म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, असल्या लाल-पिवळ्या खुणा चांगल्यातल्या चांगल्या कॉम्प्युटरमध्ये पण असतात. तो बँकेचं पान उघडा म्हणत होता तेवढ्यात मी नेटची वायरच उपटली. काकू देवासमोर जाऊन बसल्या.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. असलं पान आलं तर एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप तिन्ही एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोमवर जाऊन एंड टास्क. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, काही जळत नाही. परत क्रोम उघडल्यावर जुनी पानं रिस्टोर करू का विचारतं, तिथं हो म्हणायचं नाही. आणि पैसे गेलेच असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असलं काही घुसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

रिपेअरिंगवाल्या भावांना पण माझं सांगणं आहे, राग मानू नका. फॉरमॅटला तुम्हाला कमी वेळ लागतो हे मला कळतं, गिऱ्हाईक बाहेर उभं असतं, पण गिऱ्हाइकाला डेस्कटॉपवर काय काय आहे हे विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका हो. आणि नंतर जे क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडलेलं, विंडोज आणि ऑफिस टाकता, त्या क्रॅकबरोबरच हीच घाण परत येते. हातानं साफ करायचे तीनशे रुपये घ्या, आम्ही खुशीनं देऊ.

आता संपादकसाहेब, एक तुमच्यासाठी. तुमच्या वेबसाइटवर गेलं की बातमी दिसायच्या आधी वरती चौकोन येतो, ताज्या बातम्यांसाठी अलाउ करा. एकट्या तुमच्याच नाही, मी बघितलेल्या बऱ्याच मराठी बातम्यांच्या साइटवर हेच आहे. तुमचा हेतू वाईट नाही, मला माहिती आहे. पण सकाळी उठून पेपर वाचणाऱ्या काकांना अलाउ दाबायची सवय इथंच लागते, तुमच्यावर विश्वास असतो म्हणून पहिल्यांदा तिथं दाबतात, मग बोट थांबत नाही. तो चौकोन पान उघडल्या उघडल्या दाखवू नका, ज्याला बातम्यांची सूचना पाहिजे त्याच्यासाठी खाली कोपऱ्यात एक बटण ठेवा, तो स्वतः येऊन दाबेल. आणि ते नोटिफिकेशनच्या सेटिंगचं जे मी वर लिहिलंय तेवढं तरी एका चौकटीत मोठ्या अक्षरात छापा, लोक कापून कॉम्प्युटरच्या मागं भिंतीला चिकटवतील. आमच्या गाळ्यावर मी हातानं लिहून लावलंय, शेजारचे दोन गाळे त्याचा फोटो काढून घेऊन गेले.

यार्डातल्या कुणाला अडचण असेल तर सौदे संपल्यावर दुपारी मी रिकामी असते, कॉम्प्युटर उचलून आणायची गरज नाही, मीच येऊन बघीन. फक्त एक पेनड्राइव्ह तयार ठेवा, आधी डेस्कटॉपवरच्या फाइली आणि फोटो त्यात घेऊ, मग बाकीचं.

आपली,
एक वाचक,
मार्केट यार्ड, सांगली